कोपरानं पाहिलेलं पाणी

"बाई, पानी पाह्यता का जरा?"

रोज सकाळी साडेसातला न्हाणीघरातून हा प्रश्न यायचा आणि रोज माझ्या कपाळावर आठी पडायची. कौतिकाबाई पाटावर पाय लांब करून बसलेल्या, त्यांच्या नडग्यांवर माझी साडेपाच महिन्यांची मिनू पालथी, अंगभर तेल, शेजारी वाफाळती बादली. बाळांना न्हाऊ घालण्यात या बाईंची वीसेक वर्षं गेली होती. आमच्या शिक्षक कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर रडून मोठी झाली होती. पण पाणी किती गरम आहे, ते मी सांगायचं. एसटीच्या ड्रायव्हरनं मागे वळून प्रवाशांना विचारावं, "ब्रेक लागला का बघता जरा?" तसलाच प्रकार.

मी जायचे, डावी बाही वर सारायचे आणि पाण्यात कोपर बुडवायचे. डावी, कारण मी डावरी. जेवण आणि नमस्कार सोडले तर माझं सगळं डाव्या हातानं. आणि कोपर, कारण नागपूरहून मागवलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. तळहात कामानं निबर होतात, कोपराची त्वचा नाजूक असते, म्हणून बाळाचं पाणी कोपरानं पाहावं. ते पुस्तक मला पाठ होतं. मिनूनं दिवसातून किती वेळा दूध घेतलं, किती वेळा शी केली, कोणत्या रंगाची केली, याची मी वही ठेवत असे. वहीला कव्हर घातलं होतं.

"ठीक आहे. घाला."

"कोपरानं नका पाहू बाई. हातानं पाहा न."

"पुस्तकात कोपरच सांगितलंय."

"पुस्तकातलं लेकरू न्हायचं असंन तर कोपर ठीक हाये."

एवढं बोलून त्या पदर बाजूला सारायच्या, तांब्याभर पाणी स्वतःच्या दंडावर ओतून घ्यायच्या आणि मग बादलीत दोन तांबे थंड पाणी मिसळायच्या. मी ठीक म्हटल्यानंतर! मला विचारायचं आणि मग माझ्या उत्तरावर थंड पाणी ओतायचं. मी वहीत लिहिलं: 'कौ. बाई थंड पाण्यानं आंघोळ घालतात. सर्दी?'

त्या वर्षी मी कॉलनीत सगळ्यांत जागरूक आई होते. असं माझंच मत होतं, पण ठाम होतं. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, प्रथम श्रेणी. घरात येणाऱ्या प्रत्येकानं आधी हात धुवायचे, मगच मिनूला घ्यायचं. हेमराज, म्हणजे माझे यजमान, शाळेतून आले की त्यांचेसुद्धा हात तपासायचे मी. सासूबाईंनी एकदा विचारलं, "काहून गं, मी देवाजवळून आली, तरी धुवायचे का?" मी म्हटलं, "आई, देवाजवळ उदबत्तीची राख असते."

त्याच पंधरवड्यात आशा कार्यकर्ती शालू गेडाम फाटकाशी आली होती. घरोघर जाऊन अंगावरचे चट्टे शोधण्याची मोहीम होती. तिच्याबरोबर एक पुरुष कर्मचारीही होता. पुरुष तो तपासायचा, बायका शालू.

"ताई, पाच मिनिटं. घरातल्या सगळ्यांचं अंग पाहायचं आहे. चट्टा असेल, सुन्न असेल तर..."

"आमच्याकडे तसं काही नाही."

"पाहिलं तर बरं. न दुखणारा असतो तो, लक्षात येत नाही माणसाच्या."

"शालू, मी मायक्रोबायॉलॉजी केलंय."

तिनं फाटकाच्या खांबावर खडूनं तारीख टाकली. मी ती संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसून काढली.

कौतिकाबाईंच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेली होती. मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. माझ्या नजरेतून काय सुटणार! पण सासूबाई म्हणाल्या, "तिचा हात तसाच आहे," म्हणून गप्प बसले. मग एका सकाळी त्याच करंगळीवर टपोरा फोड दिसला.

"हे काय? भाजलं?"

त्यांनी हात उलटा करून पाहिला. त्यांनाही तो तेव्हाच दिसला असावा. "सकाळी भाकरी टाकताना तव्याले लागला असंन."

"कळलं नाही तुम्हाला?"

"ह्या दोन बोटाले नाही जी समजत. महारोग झालता नं मले. बारा वर्सं झाली. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या वर्सभर, एक दिस चुकवला नाही. गेला तो. बोटं तेवढी ठेवून गेला." आणि हसल्या. मागे कधीतरी कावीळ झाली होती, असं सांगावं इतक्या सहज.

मिनू त्यांच्या पायांवर होती. मी तिला तेलकट अंगानिशी उचललं.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी जे भाषण दिलं ते आजही शब्दशः आठवतं, कारण नंतर मला ते बऱ्याच वेळा आठवावं लागलं. घरात तान्हं बाळ असताना असल्या हातांनी त्याला चोळायचं? माहीत असून सांगितलं कसं नाही? आणि तरीच ती पाणी मला बघायला लावते, तिला स्वतःला कळतच नाही!

सासूबाई कांदा चिरता चिरता थांबल्या. "बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. डॉक्टरनं बरी झाली म्हणून सांगितलं. मला माहीत होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साऱ्या कॉलनीला माहीत आहे. एवढ्या पोरांना न्हाऊ घातलं तिनं, एकालाही काही झालं नाही."

"आई, हे जंतू असतात. वर्षानुवर्षं लपून राहतात."

सासूबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. जंतूंपुढे त्यांचं काय चालणार? त्यांनी मुलाकडे पाहिलं. हेमराज पेपरमागून म्हणाले, "वृंदा म्हणते तसं करा. तिचा विषय आहे तो."

माझा विषय होताच. पाचव्या सत्रात पाच गुणांची टीप होती: कुष्ठरोग. फिकट किंवा लालसर चट्टा, चट्ट्यावरची संवेदना नाहीशी होणे, औषधोपचारांनी पूर्ण बरा होणे, उपचार सुरू होताच संसर्ग थांबणे. सगळं लिहिलं होतं. चार गुण मिळाले. आकृती नव्हती म्हणून एक कापला.

दुसऱ्या दिवशी मी कौतिकाबाईंना दारातच सांगितलं, आजपासून नको. त्यांनी कारण विचारलं नाही. चप्पल घालता घालता म्हणाल्या, "बाई, एक सांगू का? तुमच्या त्या कोपराचं..."

"माझ्या कोपराचं मी बघून घेईन."

"बरं." आणि गेल्या.

त्याच सकाळी मी स्वतः पाटावर बसले. सासूबाईंना म्हटलं, मला जमतं. पुस्तक खिडकीत उघडं ठेवलं होतं. मिनूला तेल लावलं, बादली जवळ ओढली, कोपर बुडवलं. छान कोमट. आज तरी कुणी माझ्या पाण्यात थंड ओतणार नव्हतं. तांब्या भरला आणि मिनूच्या पायांवर धरला.

ती किंकाळी मी नीट लिहू शकणार नाही.

सासूबाई धावत आल्या, मिनूला माझ्या पायांवरून ओढून घेतलं, नळाखाली धरलं. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत लालबुंद. मग त्यांनी बादलीत बोटं घातली आणि झटक्यात बाहेर काढली. "अगं, हे पाणी आहे का काय! हात घालवत नाही यात. पाहिलं नाहीस का?"

"पाहिलं."

"काय पाहिलंस?"

मी पुन्हा कोपर बुडवलं. कोमट. उजवा हात बुडवला आणि भाजला. परत कोपर. कोमट. परत हात. सासूबाई ओरडत होत्या, मिनू श्वास कोंडून रडत होती आणि मी पाटावर बसून एकदा कोपर, एकदा हात, एकदा कोपर, एकदा हात, असा प्रयोग करत होते. प्रयोगशाळेत इतकी चिकाटी कधी दाखवली नव्हती.

कोपराच्या खाली डाव्या हातावर एक फिकट डाग होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहात असताना रुपयाएवढा दिसला होता. औषधाच्या दुकानदारानं गजकर्णाचं मलम दिलं. ब्यूटी पार्लरवाली म्हणाली, कॅल्शियम कमी आहे. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून मी तो विसरून गेले. तो मात्र सावकाश कोपरावर चढला होता. टीप लिहिताना माझा डावा हात उत्तरपत्रिकेवर होता आणि तो डाग त्या हातावर होता. पण पाठ्यपुस्तकातल्या फोटोतला हात कुणा दुसऱ्याचा होता ना.

डॉक्टरांनी मिनूच्या पावलांना मलम दिलं. फोड आले नाहीत. चार दिवसांत लाली उतरेल म्हणाले. दुपारी ती झोपल्यावर मी दार लावून घेतलं आणि डोळे मिटून बॉलपेनचं टोक हातावर फिरवलं. मनगट, लागलं. त्याच्या वर, लागलं. मग काहीच नाही. मग दंडावर पुन्हा लागलं. डोळे उघडले तर डागावर निळ्या रेघांचं जाळं झालं होतं. एकही रेघ मला कळली नव्हती.

शालूला फोन केला. ती अर्ध्या तासात आली, कापसाची वात घेऊन. मायक्रोबायॉलॉजीचा उल्लेख तिनं केला नाही. माझ्यापेक्षा ती सभ्य आहे. डोळे मिटायला सांगून म्हणाली, "जिथं लागेल तिथं बोट ठेवा, ताई." कोपरावर मी एकदाही बोट ठेवलं नाही.

"गुरुवारी दवाखान्यात या. घरातल्या सगळ्यांना घेऊन या, ताई. सोबत राहणाऱ्यांनाही तपासतात, औषधाचा एक डोस देतात."

"सगळ्यांना सांगावंच लागेल?"

"त्यांच्यासाठीच असतं ना ते."

तर अशी सोय असते या आजारात. गुपचूप बरं होता येत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर मी सांगितलं. सासूबाईंनी मिनूला मांडीवर घेतलं, घट्ट. बराच वेळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"तू बरोबर होतीस गं! तू म्हणत होतीस, मी ऐकलं नाही. त्या कौतिकानंच दिलं तुला. चार महिने रोज घरात, बादलीत हात, तांब्यात हात... शिकलेल्या माणसाला आधी कळतं ते असं."

हेमराज म्हणाले, "तिच्यामुळेच. दुसरं कोण?"

मला फक्त तोंड उघडायचं होतं. चार महिने नाही, सहा वर्षं. पण आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. हेमराज मला बघायला आले तेव्हा माझ्या आईनं मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस शिवून घेतला होता, तेवढा डाग कशाला दाखवायचा म्हणून. लग्नानंतर हेमराजनं विचारलं तर मी सांगितलं, लहानपणी इस्त्रीनं भाजलं. आता सहा वर्षं म्हटलं की मग इस्त्रीचं काय, बाह्यांचं काय, आणि सासूबाईंच्या मांडीवर घट्ट धरलेली मिनू माझ्याकडे परत कधी येणार? मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मान हलवली. हो म्हणूनही धरता येईल, नाही म्हणूनही, अशी. पण त्यांनी ती हो म्हणूनच धरली, आणि तशीच धरावी म्हणून मी हलवली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चौधरींकडे गेल्या, तिथून ठवरेंकडे. दोन्ही घरी तान्ही बाळं होती, दोन्ही घरी कौतिकाबाई जात. मी खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं, येताना पाहिलं. काय सांगितलं असेल ते मला ऐकू यायची गरज नव्हती. ते माझंच भाषण होतं.

गुरुवारी सरकारी दवाखान्यात सिस्टर लोणारे कार्ड भरत होत्या. जाड भिंगांचा चष्मा, घाईत असलेल्या.

"एकच चट्टा. नस जाड नाही. हात वळवा... ठीक. चट्टा केव्हापासून?"

"चार महिने," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक बाई यायची बाळाला न्हाऊ घालायला. कौतिका नावाची. लिहा तुम्ही तिचं नाव."

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "कौतिकाबाई? इथलंच कार्ड आहे त्यांचं. बारा वर्षांपूर्वी बरं झालेलं." आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. केव्हापासून?"

मिनू सासूबाईंच्या खांद्यावर होती, पायांना मलम. हेमराज दाराशी टेकून उभे होते.

"सहा वर्षं," मी म्हटलं. "कॉलेजात असल्यापासून."

सिस्टरनी 'सहा वर्षे' लिहिलं आणि खाली रेघ मारली. कार्डावरच्या त्या रकान्याला याहून जास्त काही नको होतं.

"इस्त्री?" हेमराज म्हणाले.

"इस्त्री नव्हती."

सासूबाईंनी विचारलं, "तुझ्या आईला माहीत होतं?"

"डाग माहीत होता. नाव आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. बाह्यांचं माप आईनंच दिलं होतं."

"हे घरी जाऊन बोला," सिस्टर म्हणाल्या आणि हिरवं पाकीट फोडून दोन कॅप्सूल आणि एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. "माझ्यासमोर गिळायच्या. महिन्यातून एकदा इथं येऊन, बाकी रोजची घरी. सहा महिने. आज लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. बाळाला दूध पाजत राहा, काही होत नाही. सुन्न भागानं स्वयंपाकघरात काही तपासायचं नाही, आंघोळीचं तर नाहीच." मग हेमराज आणि सासूबाईंकडे पाहून, "तुमचाही एक एक डोस आहे."

"मला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या.

"काही होऊ नये म्हणून."

तिघांनी रांगेत उभं राहून कॅप्सूल गिळल्या. आमच्या घरानं एकत्र केलेलं ते त्या आठवड्यातलं एकमेव काम. मिनू भुकेनं रडायला लागली. सासूबाईंनी तिला थोपटलं, हलवलं, चमचाभर पाणी दिलं. दहा मिनिटं लढवली. मग माझ्या मांडीवर आणून टाकली. माफ केलं म्हणून नव्हे. दूध माझ्याकडे होतं म्हणून.

त्याच संध्याकाळी मी कौतिकाबाईंच्या घरी गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या, तीनच बोटांनी, भराभर. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाषण, चौधरी, ठवरे, सहा वर्षं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "कढतं पानी कोपराले अन् बाईच्या तोंडावर काईच नाही. माह्यंही असंच चालू झालतं. म्हनून तर रोज म्हनत होती, हातानं पाहा."

"मग स्पष्ट सांगितलं का नाहीत?"

"सांगत होती न, त्या दिशी. तुमी नको म्हनलं."

मी म्हटलं, परत या. मिनूला तुमची सवय आहे.

"नाही जी. तुमच्या घरी नाही येत." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमची सासू घालंन आंघोळ, तिले येते. माह्यी दोन घरं गेली. ते आनून द्या."

"आणते. सांगते त्यांना, तुमच्यापासून काही नाही म्हणून."

"तसं तर डाक्टरही सांगते. कोन ऐकते?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमचं सांगा."

घरी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? दोन महिन्यांत विसरतील लोक. तू सांगितलंस तर जन्मभर विसरणार नाहीत. मिनूचं लग्न व्हायचंय." मिनूला तेव्हा एक दातही आला नव्हता. मी चप्पल घातली तेव्हा हेमराजनं मिनूला माझ्याकडून घेतलं. आधी हात धुतले.

चौधरीवहिनींनी मला बैठकीत बसवलं, पंखा लावला, बिस्किटं आणली. मी बाही वर केली आणि कोपर दाखवलं.

"हा सहा वर्षांपासून आहे. कौतिकाबाईंचा काही संबंध नाही. उलट त्या होत्या म्हणून मिनू चार महिने भाजली नाही."

वहिनींचा हात बिस्किटांच्या ताटलीवर होता. तो तिथंच राहिला. "तुम्हाला? अय्या, पण तुम्ही तर शिकलेल्या!"

"हो ना. मलाही तेच वाटलं होतं."

"चहा टाकते हं," म्हणाल्या आणि आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. चहा आला तो कागदी पेल्यात. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि पेला त्यांच्याच हातात दिला. मग तिथून ठवरेंकडे गेले आणि बाही पुन्हा वर केली.

सोमवारी सकाळी खिडकीतून पाहिलं, कौतिकाबाई चौधरींच्या फाटकातून आत जात होत्या. त्या आठवड्यात ठवरेंकडेही. सहा महिन्यांनी माझा कोर्स संपला. कोपर अजून बहिरंच आहे, ते तसंच राहील म्हणतात. मिनू आता सहावीत आहे आणि माझे हात तपासते.

चौधरीवहिनींनी मला पुढची तीन वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही. चौथ्या वर्षी बोलावलं. मी गेले नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. पण गेले. वाण म्हणून प्लास्टिकची चाळणी मिळाली. चांगली आहे, अजून वापरते.